इंदूनं उतरवून ठेवलेली पत्रं

इंदू माणसाला आधी चपला काढायला लावायची आणि मग काम विचारायची. टोकावड्याला एस.टी. थांबते त्याच्या समोर, पत्र्याच्या एका खोलीत तिचा एसटीडी बूथ होता. खोली केवढी, तर दोघं आत असले की तिसऱ्यानं दारात उभं राहायचं. तरी चपला बाहेर. एकदा जीपमधून कोणी साहेब आला आणि बुटासकट आत शिरला. इंदू खुर्चीवरून उठली नाही. म्हणाली, "साहेब, मागच्या दारानं बाहेर जाताय का?"

साहेब म्हणाला, "मागं दार कुठाय?"

"नाय ना? मग पुढच्यानंच जा, नि बूट काढून या."

साहेबानं बूट काढले. मोज्याला भोक होतं, ते मी पाहिलं.

लहानपणी तिला मोठा ताप आला होता, त्यात डावा पाय वाळला. गुडघा हातानं दाबत चालायची. सरकार अपंगांना बूथ द्यायचं, त्यातून तिला हा मिळाला. कोणी कीव करायला लागलं की तिला खपायचं नाही. "बूथ पायानं मिळवला, तोंडानं चालवते," असं म्हणायची, आणि ते खरं होतं. तोंड फार. लग्न झालं नव्हतं, त्यावर कोणी बोललं तर बोलणाऱ्याच्या बायकोची चौकशी करायची, "बरी हाय ना बिचारी?" म्हणून.

पण एवढ्या तोंडाच्या बाईनं कोणाच्या फोनवरचं बोलणं दुसऱ्याला सांगितल्याचं मी ऐकलं नाही. आमच्याकडे सगळ्या गोष्टी सगळ्यांना कळतात. कोणाची म्हैस व्यायली, कोणाची पोरगी दाखवायला नेली, सगळं. इंदूच्या खोलीत बोललेलं मात्र तिथंच राहायचं. लोक तिच्याकडे यायचे ते त्याच्यासाठी. तिच्याजवळ दुसरं होतं तरी काय? ना शेत, ना नवरा. माणसं आपलं बोलणं तिच्यापाशी ठेवून बिनघोर घरी जातात, हीच तिची इस्टेट होती, आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं.

मी तिसरी पास आहे. पास. लोक अर्धं ऐकतात म्हणून सांगितलं. मला वाचता येतं, पण माझ्या चालीनं येतं. अक्षरावर बोट ठेवायचं, ते तोंडातून काढायचं, मग पुढच्यावर जायचं. कोणी घाई केली की मी परत पहिल्यापासून सुरू करतो. आणि माझं पत्र दुसऱ्यानं वाचून दाखवलेलं मला चालत नाही. माझ्या लेकीचं पत्र दुसऱ्याच्या आवाजात मी का ऐकावं?

लेक म्हणजे मंदा. नर्सचं शिकली आणि मस्कतला नोकरीला गेली. फोन करायची, पण तिकडून फोन महाग. दोन वाक्यं बोलेपर्यंत तिची आई रडायला लागायची आणि फोन संपायचा. टपालानं पत्र यायला महिना जायचा, पावसाळ्यात त्याहून जास्त. अशात इंदूनं कॉम्प्युटर आणला. मुरबाडला एका क्लासात जाऊन शिकली, तिथूनच एक जुना घेऊन आली. गाव हसलं. इंदूनं आपली जुनी हिरवी साडी फाडून त्याला झाकण केलं आणि मला म्हणाली, "काका, मंदाला सांगा, हातानं पत्र लिही, तिकडच्या मशीनवर त्याचा फोटो काढ नि ई-मेलनं पाठव. आजचं आज हितं."

मंदानं पाठवलं. मी जाऊन बसलो. इंदूनं लाईन लावली, ती मशीन आधी शिट्टी मारते, मग दमेकऱ्यासारखी घरघर करते, ते सगळं झालं. मग काचेवर पत्र वरून खाली उतरायला लागलं. एक ओळ, मग थांबायचं, मग दुसरी ओळ. मंदाचंच अक्षर. वेलांटी लांब ओढायची तिची सवय. मी वाचत होतो, "आईला सांगा की मी" आणि लाईन तुटली.

"पुढं काय?" मी विचारलं.

"पुढं लाईन गेली."

"मला ते काय माहीत नाय. पोरीनं काय सांगितलंय ते बघ."

परत लावली, परत पहिल्यापासून उतरलं, परत गेली. लाईन चालू तोवर बिल चालू. इंदू घड्याळाकडे बघायची, मी अक्षराकडे, आणि दोघांना घाम. शेवटी मी उठलो. घरी गेल्यावर मंदाच्या आईनं विचारलं, काय लिहिलंय? मी म्हणालो, बरी आहे. दुसरं काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी मी बूथवरून जात होतो. जाणारच नव्हतो आत. इंदूनं हाक मारली. "ओ काका! रुसून चाललात का? पत्र आलंय खाली. लाईन बंद केली मी. आता बसा सांजपर्यंत."

मला पटेना. लाईन बंद आणि पत्र समोर. तिनं मला समजावलं ते असं. मंदाचं पत्र येतं ते लांब एका कंपनीच्या पेटीत. तिथं जाऊन वाचायचं तर वाचून होईपर्यंत लाईन चालू ठेवावी लागते. पण कॉम्प्युटरमध्ये एक सोय असते, तिला पेटीचा पत्ता आणि पासवर्ड सांगून ठेवला की ती जाते, असतील तेवढी पत्रं घेऊन येते आणि इथं मशीनमध्ये ठेवते. मग लाईन तोडून टाकली तरी पत्र कुठं जात नाही. इंदू त्याला 'उतरवणं' म्हणायची, टपावरचं पोतं उतरवावं तसं. पहाटे लाईन मोकळी असते तेव्हा उठून ती सगळ्यांची पत्रं उतरवायची. प्रत्येक घराचा मशीनमध्ये वेगळा कप्पा केला होता, वर नाव.

त्या दिवशी मी पत्र पुरं वाचलं. "आईला सांगा की मी भाकरी करायला शिकले." एवढंच होतं. मी ते परत वाचलं, मग आणखी एकदा, पाठ होईपर्यंत, आणि घरी जाऊन मंदाच्या आईला म्हणून दाखवलं. मधे एक शब्द विसरलो तर म्हणाली, "जावा परत, विचारून या."

हे असं दर पत्राला चाललं. मी वाचायला बसलो की इंदू खुर्ची फिरवून रस्त्याकडे तोंड करायची. कोणीही वाचायला बसलं तरी असंच करायची. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या बघत बसायची, मधेच मोठ्यानं, "जुन्नर गाडी आज लेट हाय." आपण डोळे पुसले तरी तिला दिसायचं नाही. एकदा एकानं तिला हळूच विचारलं, शेजाऱ्याच्या पोरानं घर बांधायचं काय लिहिलंय का बघ ना जरा. इंदू उठली, लंगडत दारात गेली आणि त्याच्या चपला रस्त्याच्या पलीकडे फेकल्या. "तिकडं लिहिलंय. जा वाच."

मग तो सुरेशचा प्रकार झाला. सुरेश हा आमच्या जनूचा मुलगा, दोह्याला कामाला. उन्हाळ्यात सुट्टीवर आला होता. बापाच्या पेटीत त्यानं दोन वर्षं पत्रं आणि फोटो पाठवले होते. कल्याणला कुठल्या तरी दुकानात बसून त्यानं बापाची पेटी उघडली, मित्राला फोटो दाखवायला. पेटी रिकामी. एक पत्र नाही. तो तसाच गाडीत बसला आणि उतरला तो थेट बूथवर. जनूला कोणीतरी बोलावून आणलं. बाजाराचा दिवस, माणसं जमायला वेळ लागला नाही. मी आतच बसलो होतो.

"माझ्या बापाची पत्रं कुठं गेली?"

"चपला काढ आधी," इंदू म्हणाली.

"चपला गेल्या खड्ड्यात. पेटी रिकामी हाय. कोणी पुसली?"

"मी."

इंदूनं जनूचा कप्पा उघडला. "ही बघ. एक पण गेली नाय. तिकडची जागा एवढीशी. चार फोटो आले की भरते, नि मग नवीन पत्र परत जातं. म्हणून हितं उतरवायची नि तिकडची मोकळी करायची."

सुरेशनं वाकून पाहिलं. सगळी होती. दुसरा असता तर गेला असता. पण सुरेश हुशार. तो म्हणाला, "हे बापाला सांगितलं होतंस, की तिकडं आता काय राहत नाय म्हणून?"

जनू म्हणाला, "मला काय कळतंय त्यातलं."

"तुमाला नाय विचारत, बाबा. हिला विचारतो."

इंदूनं खाली बघितलं. "नाय सांगितलं."

आणि हे खरं होतं. तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, काम आपलं, त्यांना कशाला त्रास. पत्रं आपली, पण ती फक्त तिच्या मशीनमध्ये आहेत, जगात दुसरीकडे कुठंच नाहीत, हे त्या दिवशी सगळ्यांना एकदम कळलं. मलाही. दारातून कोणीतरी म्हणालं, "म्हंजी उद्या ही मशीन बिघडली की आमचं सगळं गेलं." दुसरा म्हणाला, "पासवर्ड हिच्याकडं, पत्रं हिच्याकडं. ही वाचत नाय कशावरून?"

ते बोलणं इंदूला लागलं. तिनं साडीचं झाकण मशीनवर ओढून घेतलं. मग मीच बोललो. "ती रस्त्याकडं तोंड करून बसते, ते दिसत नाय व्हय रे तुमाला?"

"तुमी पत्राकडं बघता का तिच्याकडं, काका?" असं कोणी म्हणालं आणि लोक हसले. मला वेळेवर सुचत नाही, घरी गेल्यावर सुचतं.

दुसऱ्या दिवसापासून खोलीला कुलूप. लोक म्हणाले, पळाली. ती मशीनचा डबा, पत्रं ज्यात राहतात तो, घेऊन मुरबाडला गेली होती. ज्या क्लासात शिकली तिथं बसून तिनं एकेका घराची पत्रं कागदावर छापून घेतली. मग घरोघर निघाली. एक पिशवी खांद्याला आणि एक हात गुडघ्यावर. प्रत्येक दारात एक गठ्ठा द्यायची आणि म्हणायची, "ही तुमची. मशीनमधून मी आता काढून टाकते. पासवर्ड पोराला सांगून बदलून घ्या." आत बसायची नाही. जनूच्या बायकोनं हात धरून चहा दिला तो पायरीवर बसून प्यायली. जनू म्हणाला, "असू दे गो, पोरगा गरम डोक्याचा हाय." इंदू म्हणाली, "पोरगा बरोबर बोलला, दादा. सांगायला पायजे होतं."

आमचा पाडा गावाच्या वर आहे, चढण आहे. मी अंगणात दावं वळत होतो. चढण चढून आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता.

"काका, हे मंदाचं."

"कसलं?"

"पत्रं. सगळी हायत. मोजून घ्या."

"मी मागितली?"

"सगळ्यांना देते."

"सगळ्यांना दे. मला नको. मला काचेवर वाचायची सवय हाय, कागदावर डोळे चालत नायत."

हे खोटं होतं आणि तिला कळत होतं. मंदाची आई आतून म्हणाली, "घ्या की वो, पोर एवढं चढून आली." मी म्हणालो, तू गप.

"काका, हट्ट नका करू. मी हे काम बंद करते. फोन तेवढा ठेवणार."

"तू तुझं काम बंद कर नायतर चालू ठेव. माझी पत्रं मी कुठं ठेवायची ते मी ठरवणार. तुझ्याकडं ठेवलीत, तिथंच राहणार. एक पुसलीस तर मी बूथसमोर येऊन बसेन."

"लोक काय बोलले ते ऐकलंत ना?"

"माझी लेक हाय त्यात. लोकांची नाय."

ती गठ्ठा घेऊन आत गेली आणि आमच्या चुलीत घातला. म्हणाली, "वाटेत कोणाच्या हाताला लागायला नको." आणि खाली उतरून गेली. तरी कुलूप निघालं नाही.

पुढच्या बाजाराला मी काय केलं, तर तिच्या बंद दारासमोर उभा राहिलो आणि मोठ्यानं माझा पासवर्ड सांगितला. मंदाच्या आईचं माहेरचं नाव होतं. "ज्याला माझ्या लेकीची पत्रं वाचायचीत त्यानं वाचा! मला काय कोणाचं भेव नाय!" लोक खरेदी सोडून बघायला लागले. इंदू शेजारच्या चहाच्या टपरीवर बसली होती, ती तरातरा आली, जेवढं तरातरा येता येतं तेवढं. "काका, अक्कल हाय का? भर बाजारात पासवर्ड सांगतात?"

"मग बदल."

"तुमचा तुमी बदला."

"मला इंग्रजी अक्षरं येत नायत. मी तिसरी पास हाय."

तिनं कुलूप काढलं. मी चपला काढल्या. शिव्या घालत घालत तिनं नवीन पासवर्ड केला आणि मला सांगायला लागली. मी कानात बोटं घातली. म्हणालो, "नको. तुझ्याकडंच राहू दे."

नंतर माणसं हळूहळू परत आली. पहिला जनू. सुरेश पुन्हा आला नाही, पण त्याची पत्रं यायला लागली. इंदूनं एक मात्र बदललं. आता ती प्रत्येकाला बसवून विचारायची, "तिकडं ठेवू का हितं उतरवू? दोन्हीकडं ठेवली तर तिकडची भरंल. बोला." लोक म्हणायचे, तुला वाटेल तसं कर. "मला वाटंल तसं नाय. तुमी सांगा." सांगेपर्यंत सोडायची नाही. जनू कंटाळून म्हणायचा, "बाय, पोरीचं लग्न ठरवताना मला एवढं कोणी विचारलं नव्हतं."

पुढं टॉवर आला, घराघरात मोबाईल आला. मंदा पत्रं लिहायची थांबली, तिला कामातून वेळ होईना, आणि फोन आता स्वस्त. इंदूच्या खोलीत माणूस दिसेना. मी जायचो. जुनीच पत्रं काढून वाचायचो.

"काका, तीच तीच किती वेळा वाचणार?"

"तू तोच रस्ता किती वेळा बघणार?"

"रस्त्यावर रोज नवीन गाडी येते."

"बघ मग."

शेवटी खोलीच्या मालकाला तिथं ढाबा टाकायचा झाला. इंदूची बहीण किन्हवलीला दिली होती, ती म्हणाली, आमच्याकडं ये. मी म्हणालो, जा, मशीन घेऊन जा, मी सरळगावला गाडी बदलून येत जाईन. तसं ठरलं. मंदा सुट्टीवर येईल तेव्हा तिला पण घेऊन येतो म्हणालो.

पण माझं जाणं झालं नाही. भाताची कामं निघाली, आणि त्याच पावसात इंदूला कावीळ झाली. मला कळलं तेव्हा तिचे दिवसही करून झाले होते. मी किन्हवलीला गेलो. बहिणीनं पाणी दिलं. मशीनचं मी विचारलं नाही, तीच म्हणाली, ओल धरून चालूच होईना, भंगारवाल्याला देऊन टाकली. मी बरं म्हणालो आणि गाडीत बसलो.

लोक मला सांगतात, तेव्हा गठ्ठा घ्यायला पाहिजे होता. मी त्यांचं ऐकत नाही. तेव्हा मी गठ्ठा घेतला असता तर इंदूनं ते कुलूप परत काढलं नसतं. परत तशी वेळ आली तर परत घेणार नाही. मंदा आता रोज फोन करते, तोंड पण दिसतं फोनमध्ये. मंदाच्या आईला त्यात सगळं मिळतं. मला तिची पत्रं अजून तोंडपाठ आहेत, कधीही विचारा. अक्षर मात्र आता नीट आठवत नाही. डोळे मिटले की कधी वेलांटी दिसते, कधी तीही नाही. तेव्हा इंदूची आठवण फार येते. कोणीतरी पलीकडे तोंड करून बसलेलं असावं आणि आपण आपल्या चालीनं वाचत राहावं, असं वाटतं.

ती किन्हवलीला निघाली त्या दिवशी तिला गाडीत बसवायला मीच होतो. सामान थोडंच. काचेचा भाग तिनं टपावर टाकू दिला. पत्रांचा डबा मात्र हिरव्या साडीत बांधून मांडीवर घेतला. गाडी भरलेली, कंडक्टर वैतागलेला.

"मावशी, तो डबा पण वर टाका. जागा नाय."

"माणसं टपावर घेता का तुमी?"

"माणसं कुठं हायत?"

"आतमधी हायत. ह्या गावाची."

कंडक्टरनं खिडकीतून माझ्याकडे बघितलं, ही बाई बरी आहे ना, असं.

मी म्हणालो, "हायत."

त्यानं दोनदा घंटी मारली. गाडी सरळगावकडे निघाली. मी हात वर केला. इंदूनं केला नाही. तिचे दोन्ही हात डब्याला होते.